सीनियाच्या कडेचं आकाश

इत्तोनं आकाशाचा चौकोन सीनियाच्या फार जवळ काढला आहे, हे तूरियाला पडद्यावर पहिल्या क्षणीच दिसलं, आणि ती गप्प बसली.

सीनिया हे एका दीर्घिकेचं नाव. यादीत तिला नुसता एक आकडा होता. पण ती दिसायची कलतं धरलेल्या तबकासारखी, मधे फुगीर आणि कडेला नक्षीचे वळसे. मराकेशच्या घराघरांतून ज्या तबकात चहा येतो त्याला सीनिया म्हणतात, म्हणून विद्यापीठाच्या खगोल विभागातल्या कुणीतरी एकदा तिला सीनिया म्हटलं आणि ते नाव चिकटलं. ते कुणीतरी म्हणजे तूरियाच. आता हे कुणाच्या लक्षात नव्हतं.

शनिवारी इत्तोच्या प्रबंधाचं जाहीर सादरीकरण होतं आणि मंगळवारी ही रंगीत तालीम चालली होती. पुढच्या रांगेत विभागप्रमुख सी द्रीस, म्हणजे द्रीससाहेब, नवऱ्या मुलाच्या बापासारखे मागे रेलून बसले होते. इत्तो सांगत होती ते सगळं तूरियाला पाठ होतं. ताऱ्यांच्या मधल्या जागेत धूळ असते, काजळीहून बारीक. ताऱ्यांचा उजेड तिच्यावर पडतो, ती तापते, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात ती ऊब परत बाहेर टाकते. दुर्बिणीनं ती ऊब मोजता येते. मोजता येत नाही ती एकच गोष्ट: ऊब दिली कुणी? नुकत्याच जन्मलेल्या निळ्या, तापट ताऱ्यांनी, की दीर्घिकाभर पसरलेल्या जुन्या, पिवळसर, मंद ताऱ्यांनी?

"सीनियाच्या बाबतीत उत्तर सरळ आहे," इत्तो म्हणाली. "जवळपास सगळी ऊब तरुण ताऱ्यांची."

सी द्रीसनी मान डोलावली. तूरियाची नजर चित्राच्या कोपऱ्यातल्या त्या चौकोनावर होती. कुठलंही चित्र कोरं काळं नसतं, आकाशाची स्वतःची अशी एक धूसर चमक त्यात मिसळलेली असते. म्हणून दीर्घिकेबाहेरचा एक रिकामा चौकोन निवडायचा, तिथली चमक मोजायची आणि ती सगळ्या चित्रातून वजा करायची. मात्र चौकोन खरोखर रिकामा हवा. जुने तारे एखाद्या ठिकाणी झगमगत नाहीत, त्यांचा उजेड धुक्यासारखा दीर्घिकेच्या कडेबाहेरही लांबवर पसरलेला असतो. इत्तोचा चौकोन त्या धुक्यातच होता. म्हाताऱ्या ताऱ्यांचा उजेड तिनं काळोख समजून पुसून टाकला होता, आणि मग म्हातारे काही देत नाहीत असं गणित मांडलं होतं.

तालीम संपल्यावर व्हरांड्यात पुदिन्याच्या चहाचे पेले फिरले. इत्तो तूरियाकडे आली. थोरल्या बाईला आदरानं आणि मायेनं म्हणतात तसं ती तूरियाला 'लल्ला' म्हणायची. ॲटलासच्या डोंगरातली पोर, उन्हानं रापलेली, पाठीवर जाडजूड वेणी. "लल्ला तूरिया," ती हळूच म्हणाली, "काही राहिलं का माझं? तुमच्या नजरेतून सुटत नाही म्हणून विचारते."

"अक्षरं थोडी मोठी कर," तूरिया म्हणाली. "बाकी छान झालं."

तिनं घोट घेतला. चहात साखर नेहमीएवढीच होती, पण त्या दिवशी तो तिला जरा जास्तच गोड लागला.

विभागात एक रीत होती. कुठली दीर्घिका कुणाची हे सी द्रीस ठरवत. चहा मागवत, पेला हातात देत आणि म्हणत, ही आता तुझी. एकदा दिलेली दीर्घिका कुणी परत मागत नसे. दुसऱ्याच्या ताटात हात घालण्यासारखंच होतं ते. सीनिया तूरियाला मिळाली तेव्हा ती स्वतः इत्तोएवढी होती. लग्नाआधीपासून तिनं तिच्यावर काम केलं होतं. तिच्या प्रत्येक वळशाला तिनं मनातल्या मनात नाव दिलं होतं. जुने तारे सीनियाची निम्म्याहून जास्त धूळ तापवत असावेत, असं तिनं एका बैठकीत सांगितलं होतं. तेव्हा मलक तिच्या पोटात होती.

"म्हाताऱ्यांच्या शेकोटीवर काय शिजतं, तूरिया?" सी द्रीस म्हणाले होते. "फार तर गप्पा."

सगळे हसले. तूरियाही हसली. न हसून करते काय?

मग मलक दिवस भरायच्या आधीच आली, ओंजळीत मावेल एवढी. तूरियाची रजा लांबत गेली. परत आली तेव्हा सीनियाच्या चित्राखाली भिंतीवर इत्तोच्या नावाची चिठ्ठी होती. सी द्रीस मायेनं म्हणाले की तू आता शिकवण्याचे तास घे, घर सांभाळ, बाकीचं ही पोरगी बघेल. तूरियानं पोरीला सगळं शिकवलं. हौसेनं शिकवलं, आणि जळतही राहिली. या दोन गोष्टी एका छातीत किती आरामात राहतात, हे तिला तोवर माहीत नव्हतं.

बालवाडी सुटली की मलक विभागात यायची, कारण तूरियाचे तास तेव्हा चालू असत. तिला सांभाळायची इत्तोच. तिच्या केसांच्या बारीक वेण्या घालायची, डोंगरातली गाणी म्हणायची, आपल्या बोलीतले शब्द शिकवायची. घरी तूरिया फणी घेऊन बसली की मलक डोकं आवळून धरायची. "मम्मा, तुझ्या हातानं दुखतं. इत्तोच्या हातानं नाही दुखत."

चार वर्षांची पोर, तिला काय कळतं. पण तूरियाच्या काळजात ते काट्यासारखं रुतून बसलं होतं.

बुधवारी दुपारी मलक दोन खुर्च्या जोडून केलेल्या बिछान्यावर झोपली होती. तूरियानं दार ओढून घेतलं आणि सीनियाचं चित्र उघडलं. कितीतरी दिवसांनी उघडलं. चौकोन उचलून तिनं दूर नेला, खऱ्या रिकाम्या आकाशात. मग संगणकाच्या गणितात ताऱ्यांचा उजेड धुळीतून पुन्हा एकदा सोडला. तिच्या जुन्या यंत्रावर गणित ढोबळच झालं, पण झालं. निम्म्याहून जास्त ऊब म्हाताऱ्यांची होती.

तिला हसू फुटलं. पोर जागी होईल म्हणून तिनं तोंडावर हात दाबला. इतकी वर्षं ती बरोबर होती. आता करायचं काहीच नव्हतं, फक्त तोंडात मिठाची गुळणी धरून शनिवारपर्यंत बसायचं. बेल्जियमहून एक पाहुणे परीक्षक येणार होते, त्यांच्या ध्यानात ते आलं तर सगळ्यांसमोर इत्तोचे आणि सी द्रीसचे चेहरे बघायला मिळतील. नाही आलं तर पुढच्या महिन्यात तूरिया स्वतःच्या नावानं लिहील. सीनिया परत मागावी लागणार नाही, आपल्या पायानं घरी येईल. दोन्हीकडून लाभच. खिडकीबाहेर संत्र्याच्या झाडांवर ऊन होतं, आणि झाडांमागे डोंगरांवर बर्फ. कधी नव्हे इतकं तिला सगळं स्वच्छ दिसत होतं.

शुक्रवारी दुपारी घरात कुसकुस, गव्हाच्या रव्याचा तो शुक्रवारचा ठरलेला बेत, वाफेवर होता आणि नवरा अजून मशिदीतून यायचा होता, तेव्हा दार वाजलं. दारात एक बाई. डोक्याला रंगीत रुमाल, हनुवटीवर हिरवं गोंदण, हातात कापडात बांधलेल्या भाकरी. तिनं सांगितलं की ती इत्तोची आई, तूदा. उद्या लेकीच्या परीक्षेनंतर पाहुण्यांना दूध-खजूर आणि चहा द्यायचा, त्यासाठी गावाहून तबक आणलं होतं, पण बसच्या टपावर ते पार चेपलं. लल्ला तूरियांकडे एखादं मिळालं असतं तर.

"शुक्रवारी दार वाजवलंत, तूदा मावशी, आता जेवल्याशिवाय तबक नाही," तूरिया म्हणाली आणि तिला आत ओढलं.

तूदा मलकच्या शेजारी बसली. कुसकुसाच्या परातीतल्या आपल्या बाजूचं मांस ती न बोलता मलककडे सरकवत राहिली. नवरा आला, जेवला, सलाम करून पुन्हा दुकानावर गेला. मग तूदानं हात पुसले आणि तूरियाकडे टक लावून बघत बसली.

"काय झालं?" तूरियानं विचारलं.

"लई जळले मी तुमच्यावर," तूदा म्हणाली. तिला अरबी तोडकंमोडकंच यायचं, पण अडखळत नव्हती. "पोरगी फोन करती, तर निम्मा वेळ तुमचंच. लल्ला तूरिया असं बघत्यात, लल्ला तूरिया तसं म्हनत्यात. येक दिस म्या म्हनलं, मंग तिच्याच पोटी जलम घ्यायचा हुतास की गं. तर हसली."

तूरिया परातीच्या कडेला सांडलेले कण वेचू लागली.

"आन् तबक काय, कुनाच्याबी घरी गावलं असतं. म्या मुद्दाम आले. म्हनलं, बघावं तरी ही बया हाय कशी."

"मग? कशी आहे?"

तूदानं तिला पुन्हा एकदा नीट न्याहाळलं, केसांतल्या पांढऱ्या बटेपासून पायांतल्या चपलेपर्यंत. "मला वाटलं हुतं कुनी तरनीताठी आसंल. तुमीबी म्हाताऱ्याच झालात की."

आणि ती खळखळून हसली. मलकही हसली, काही न कळता. तूरिया हसता हसता मधेच थांबली. ही बाई इतकी वर्षं दूर डोंगरात बसून जळत होती. जिच्यावर जळत होती तिला त्याचा पत्ताही नव्हता. आणि जळून जळून तिनं काय केलं, तर बसनं शहरात आली, भाकरी घेऊन, आणि तोंडावर सांगून मोकळी झाली.

तूरियानं कपाटातून आपल्या आईचं तबक काढलं. ते तिच्या लग्नात आलं होतं आणि सणाशिवाय कधी बाहेर निघत नव्हतं. तिनं ते फडक्यानं पुसलं, तूदाच्या हातात दिलं आणि म्हणाली, "चला, मीही येते विभागात. इत्तोकडे काम आहे माझं."

इत्तो संगणकापुढे बसून ओठांतल्या ओठांत भाषण घोकत होती. आईच्या हातातलं तबक बघून ती हसत उठली. तूदा मलकला घेऊन अंगणातल्या संत्र्यांखाली जाऊन बसली. दोघी खोलीत राहिल्या तेव्हा तूरिया उभ्या उभ्याच म्हणाली, "आकाशाचा चौकोन जवळ आहे. बाहेर ने."

इत्तोनं चित्र उघडलं. चौकोन थोडा सरकवला. मग आणखी थोडा. कडेचं धुकं चित्रावर हळूहळू उजळत गेलं, काचेवर श्वास सोडावा तसं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. ती खाली बसली. 

"मंगळवारी तुम्ही तिसऱ्या रांगेत होता," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"तेव्हा दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं."

"मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, अक्षरं मोठी कर."

"हो."

"का?"

तूरियानं येताना वाटेत दहा उत्तरं तयार केली होती. ती सगळी तिनं तशीच सोडून दिली. "हेवा वाटला, इत्तो," ती म्हणाली.

"माझा?" इत्तो हसली, पण ते हसणं नव्हतं. "माझं काय आहे इथे? भाड्याची खोली आहे, तिथलं पाणीही दिवसाआड येतं. तुमचं घर आहे. मलक आहे."

"सीनिया नाही."

इत्तो तिच्याकडे बघत राहिली. "मागितली असतीत तर दिली असती."

"माहीत होतं. म्हणूनच मागितली नाही."

 इत्तोनं खुर्ची ओढली आणि गणित नव्यानं लावायला घेतलं. तूरिया शेजारी बसली. मोठ्या यंत्रावर उजेडाचे किरण पुन्हा धुळीत शिरले, विखुरले, शोषले गेले. दोघींनी मिळून प्रत्येक चित्र तपासलं, प्रत्येक चौकोन दूर नेला. मधेच तूदानं आपल्या भाकरी आणि लोणी आणून ठेवलं, ते दोघींनी एकाच कागदावरून खाल्लं. इत्तोनं कामापुरतं विचारलं आणि कामापुरतं ऐकलं. पण त्या सबंध दुपारी तिच्या तोंडून एकदाही "लल्ला" आलं नाही. "डॉक्टर, हे बघा," "डॉक्टर, हे बरोबर आहे?" एवढंच. सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाली तेव्हा शेवटचा नकाशा तयार झाला होता. त्यात सीनियाच्या कडेकडेनं म्हाताऱ्यांची ऊब पसरली होती, मंद आणि अखंड.

शनिवारी सभागृह भरून गेलं. डोंगरातून आलेले चुलते, मावश्या, पोरं मागच्या रांगांमध्ये दाटीवाटीनं बसली होती. त्यांना फ्रेंच कळत नव्हतं, पण इत्तोनं श्वास घेतला तरी ती कौतुकानं बघत. तूरिया परीक्षकांच्या टेबलाशी कडेला बसली होती. इत्तोनं बोलायला सुरुवात केली आणि शेवटच्या प्रकरणापाशी आल्यावर ती थांबली. म्हणाली की प्रबंधात छापलेलं उत्तर चुकीचं आहे, खरं उत्तर आता दाखवते.

सी द्रीसच्या भुवया वर गेल्या. पाहुण्या परीक्षकांनी चष्मा सारखा केला. इत्तोनं दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवले, चूक कुठे होती ते सांगितलं, काही लपवलं नाही. पाहुण्यांनी बराच वेळ नकाशे बघितले आणि मग विचारलं, "ही चूक तुम्हाला कशी सापडली?"

 तूरियाचे हात टेबलाखाली एकमेकांत घट्ट झाले.

"डॉक्टर तूरियांनी दाखवली," इत्तो म्हणाली.

"कधी?"

इत्तोनं तूरियाकडे बघितलं. फार वेळ नाही, पेल्यात चहा ओतायला लागतो तेवढाच. "काल," ती म्हणाली.

पाहुणे हसले, म्हणाले की असे सहकारी प्रत्येक विभागाला मिळोत. सी द्रीस तोवर सावरले होते. आपल्या भाषणात ते म्हणाले की म्हाताऱ्यांना कमी लेखू नये, हे आपण पहिल्यापासून सांगत आलो आहोत. लोक हसले, टाळ्या पडल्या. निकाल वाचला गेला तेव्हा मागच्या रांगेतून तूदानं अशी काही हाळी घातली की भिंती दणाणल्या, आणि मग सगळ्या बायकांनी जिभा फिरवत आनंदाच्या किलकाऱ्यांनी तिला साथ दिली.

अंगणात दुधाचा वाडगा फिरला, खजूर फिरले, तूरियाच्या आईच्या तबकावरून चहाचे पेले पुन्हा पुन्हा भरून आले. इत्तो निळ्या कफ्तानात सगळ्यांच्या गालांना गाल लावत फिरत होती. सी द्रीस, पाहुणे, शिपाई, कुणीही सुटलं नाही. तूरियापाशी आल्यावर तिनं हात पुढे केला. तूरियानं तो हातात घेतला. तो गार होता. "शुक्रान, डॉक्टर," इत्तो म्हणाली आणि पुढे गेली. पाठीमागून तूदानं येऊन तूरियाला मिठीत आवळलं, लोण्याचा आणि धुराचा वास असलेल्या मिठीत, आणि कानाशी म्हणाली, "आता जळत न्हाई हां मी." तिला काहीच माहीत नव्हतं, आणि इत्तो ते तिला कधी सांगणारही नव्हती. एवढं तूरियाला कळलं.

पाहुणे पांगले. तूदानं तबक फडक्यानं पुसून लगेच परत दिलं. सावल्या लांबल्या होत्या. तूरिया मलकला घेऊन टॅक्सीत बसली आणि तबक मांडीवर उभं धरलं.

"उद्या इत्तो माझी वेणी घालेल?" मलकनं विचारलं.

"इत्तो आता बेल्जियमला जाईल. पाहुण्यांनी बोलावलंय तिला."

"मग?"

"मी घालीन."

"तुझ्या हातानं दुखतं."

"हळू घालीन," तूरिया म्हणाली.

मलकनं थोडा विचार केला. मग दिवसभराच्या दमणुकीनं डोळे जड झाले तशी ती तिच्या कुशीत कलंडली आणि तिचा गाल तबकाला लागला. ती परत उठून बसली.

"मम्मा, हे गरम आहे."

"चहा होता ना त्याच्यावर."

"पण चहा तर संपला."

"हो," तूरिया म्हणाली, आणि आपला तळवा तिनं तबकावर ठेवला. टॅक्सी संत्र्याच्या झाडांखालून घराकडे निघाली.